शाहीन मॅडमची अंधारी खोली

मॅडमचा हात थांबला.

तोवर ते यंत्राचं तोंड माझ्या मांडीवर सरसर फिरायलं व्हतं, टाक्याच्या वर, टाक्याच्या खाली, आणि मॅडम शिकणाऱ्या डॉक्टर पोरींशी कायतरी बोलायल्या व्हत्या, आणि एकदम हात थांबला, जरा मागं गेला, परत त्याच जागी आला, आणि बोलणं बी थांबलं. मी नववी नापास हाय, मला त्या पडद्यावरचं काय कळत नाय, नुसतं काळं-पांढरं धुकं, पण चालता हात थांबला की काय झालं ते कळायला शाळा लागत नाय.

"टाके कधीचे?"

"आठ दिवस झाले मॅडम."

"गाठ काढली म्हणतीस."

"व्हय."

"मग काढलेली गाठ कुठंय?"

मी दाराकडं बघितलं. दारापाशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्या दोन वर्षाच्या आरोहीला कडेवर घेऊन उभ्या व्हत्या. त्यांनीच उत्तर दिलं, आणि चांगलं ताठ मानेनं दिलं, "पुरली की. नीट पुरली. शेवग्याच्या बुडाला, हळद-मीठ घालून."

शिकणाऱ्या पोरी फिस्सकन हसल्या. मॅडम हसल्या नाय. उठून त्यांनी लाइट लावला, चष्मा कपाळावर सरकवला, आत्याबाईकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि म्हणल्या, "उकरा."

ती माझी आणि शाहीन मॅडमची पहिली भेट. 

आता तुम्ही म्हणाल, गाठ कुणी पुरतं का. पण आमचं ऐका. आम्ही करमाडचे. माझ्या मांडीत आतल्या अंगाला लिंबाएवढी गाठ आली व्हती, दुखत नव्हती, नुसती वाढत व्हती. एका छोट्या दवाखान्यात दाखवली तर म्हणले चरबीची हाय, अर्ध्या तासाचं काम. शनिवारी काढली. काढून मधोमध कापून आमच्या ह्यांना दाखवली, हे बघा, आत पांढरी. मग प्लास्टिकच्या बरणीत औषधाच्या पाण्यात घालून बरणी ह्यांच्याच हातात दिली, सोमवारी शहरातल्या लॅबमध्ये नेऊन द्या म्हणले, कशासाठी ते काय सांगितलं नाय. ह्यांची शेंद्र्याच्या कंपनीत सकाळची पहिली पाळी, त्यांना जमलं नाय. बरणी दोन दिवस घरात कपाटावर. सगळ्या घरात वास. सोमवारी सकाळी आत्याबाईनी ते पाणी मोरीत ओतलं आणि गाठ फडक्यात बांधून पुरली, कारण आमच्यात अंगातून निघालेलं उघड्यावर टाकत नसत्यात. माझी आरोही झाली तेव्हा तिची वार बी त्यांनी त्याच शेवग्याखाली पुरलीय. वार पुरली नाय तर कुत्रं नेतं आणि लेकरू किरकिरतं म्हणत्यात. गाठ काय न् वार काय, अंगातलीच ना? मी तर म्हणते त्यांनी मायेनं केलं. मीठ मीच काढून दिलं व्हतं डब्यातलं.

पुढं टाक्याच्या खाली परत टणक लागायला लागलं. छोट्या दवाखान्यातले म्हणले पू झाला असंल, मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी करून या. म्हणून आम्ही त्या अंधाऱ्या खोलीत.

शाहीन मॅडम कशा दिसायच्या सांगते. बुटक्या. रिटायरमेंटला आलेल्या. खोलीतला एसी फार गार, म्हणून मे महिन्यात सुद्धा अंगात मरून स्वेटर, कोपरावर उसवलेला. चष्म्याची दोरी म्हणून सलाईनची नळी, खरंच, सलाईनची पातळ नळी दोन्ही काड्यांना बांधलेली. खिडकीला पडदा नव्हता, काचेला जुन्या एक्सरेच्या फिल्मी चिकटवलेल्या, उजेड येऊ नये म्हणून, त्यामुळं दुपारी खिडकीत कुणाच्यातरी बरगड्या, कुणाचा तरी गुडघा चमकत बसायचा. आणि जेलची बाटली त्या काखेत धरून बसायच्या. पहिल्यांदा मला वाटलं बाईला काय झालंय काय. नंतर कळलं, गार जेल अंगावर पडलं की बायका दचकत्यात, म्हणून स्वतःच्या काखेत गरम करून मग लावायच्या. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला. एक शिकणारी डॉक्टरीण म्हणली, "मॅडम, गरम करायचं मशीन मिळतं आता." तर म्हणल्या, "मी फुकट मिळाले ना तुमच्या दवाखान्याला, मग बस."

वडील त्यांचे सोयगावला मास्तर व्हते, त्यामुळं त्यांची मराठी आमच्यापेक्षा गावठी. मधीच एखादं "नक्को" नाय तर "हौ" यायचं, तेवढंच शहरातल्या हिंदीतलं. आवाज घोगरा, आणि शिवी तोंडात तयार.

त्यांची एक रीत व्हती. बाईनं बाहेरून कुठला रिपोर्ट आणला की कागद आधी टेबलावर पालथा टाकायच्या. पालथा. मग फोटो बघायच्या, मग आपल्या हातानं जागा दाबून बघायच्या, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी कागद सुलटा करून वाचायच्या. मोठ्या डॉक्टरचा असू दे, पुण्या-मुंबईचा असू दे, पालथा म्हणजे पालथा. एकदा एक साहेब टाइपचा माणूस चिडला, म्हणला वाचायला काय जातंय तुमचं? मॅडम म्हणल्या, "वाचलं की मला तेच दिसायला लागतं जे लिहिलंय. माझे डोळे लई आज्ञाधारक हैत हो, म्हणून मी त्यांना सांगतच नाय."

आणि प्रत्येक बाईला पडदा दाखवायच्या. "मान वळव. तुझं हाय ना, मग तू बघ." त्या दिवशी "उकरा" म्हणून परत यंत्र लावलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले व्हते. तर माझ्या गालावर टिचकी मारली. "घाबरायचं तर घाबर, मी नाय म्हणत नाय. पण डोळे उघडे ठेवून घाबर."

मी उघडले. त्यांनी पोरींना इचारलं, "काय हाय हे?"

एक पटकन म्हणली, "पू, मॅडम."

"तू आत जाऊन आलीस का?"

"नाय मॅडम."

"मग दिसतं तेवढं बोल. काळपट दिसतंय. कड वेडीवाकडी दिसायलीय. आणि हे लाल-निळं बघ, आत रक्त पळायलंय. पू मधी रक्त पळतं का गं?"

मी इचारलं, "मग काय हाय मॅडम?"

"मला नाय माहीत," त्या म्हणल्या.

मी आजवर कुठल्या डॉक्टरच्या तोंडून हे ऐकलं नव्हतं. घाबरले बी, आणि का कुणास ठाऊक, तिथंच माझा त्यांच्यावर भरवसा बसला. त्या म्हणल्या, "हे यंत्र मला आकार सांगतं. नाव सांगत नाय. नाव गाठीचा तुकडा काचेवर घेऊन बघितला की कळतं, आणि तुमची गाठ शेवग्याखाली जेवण करून झोपलीय. औषधात किती दिवस व्हती?"

"दोन दिवस."

"आणि कापलेली व्हती?"

"मधोमध."

"मग औषध आतवर गेलंय. पक्की झाली असंल. नसंल झाली तर नसंल. पण बघितल्याशिवाय मी नाय सोडणार." त्यांनी कपाटातून एक बरणी काढली, औषध भरलेली, आणि माझ्या हातात दिली. "ह्यात टाकून आण. पाणी नक्को, मीठ नक्को, हळद तर नक्कोच. माती लागली असंल तर लागू दे. मी बघते मातीचं."

घरी जाऊन जे झालं ते मी कुणाला सांगितलं नाय अजून. आत्याबाई शेवग्याच्या बुडाला फतकल मारून बसल्या. "पुरलेलं उकरीत नसत्यात, वर्षा. घरादाराला भोवतं." आमच्या ह्यांनी खोरं हातात घेतलं आणि परत खाली ठेवलं, आईपुढं त्यांचं काय चालत नाय. मग मी खुरपं घेतलं. पायात टाके, वाकता येत नव्हतं, तर मी एका बाजूला बसले आणि आत्याबाईच्या पायाशेजारून उकरायला लागले. त्यांनी मला ढकललं नाय, पण उठल्या पण नाय. मला सगळ्यात भीती काय वाटत व्हती माहितीय का, की खुरपं चुकून आरोहीच्या वारेला लागंल. वारेला दोन वर्ष झाली, तिचं काय राहिलं असणार, पण मी खुरपं बोटाबोटानं, जपून चालवत व्हते. फडकं लागलं तेव्हा आत्याबाई तोंड फिरवून रडायला लागल्या. मी बरणीत टाकली आणि झाकण लावलं आणि मग मला भडाभडा उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी बरणी उजेडात धरली, फिरवून बघितली, आणि मला म्हणल्या, "शाब्बास." एवढंच. पण ते एवढंच मला लई दिवस पुरलं.

तपासणीच्या खिडकीतली बाई बरणी घेईना. कागद नाय, तारीख नाय, छोट्या दवाखान्याचा शिक्का नाय, आणि माती. नियमात बसत नाय म्हणली. मॅडम स्वतः चालत आल्या, स्वेटर घातलेल्या, चपला फटफट वाजवत, मागं शिकणाऱ्या चार पोरी.

"फॉर्मवर काय लिहू मॅडम, नमुना कुठून आला?"

"लिही. करमाड. शेवग्याखालून."

"असं कसं लिहू?"

"मग खोटं लिहितीस? खरं हाय ते लिही, खाली मी सही करते का नाय बघ." आणि खरंच तसंच लिहून सही केली. मग तिथूनच त्या छोट्या दवाखान्यात फोन लावला. मला वाटलं आता शिव्या घालतील, पण आवाज अगदी हळू. "सर, चरबी समजून काढली, ठीक हाय, चूक कुणाची बी होते, माझी बी होते. पण बरणी घरच्यांच्या हातात देताना कशासाठी देतोय ते एका वाक्यात सांगता आलं नाय का? म्हातारीनं तिला जे येतं ते केलं. तुम्हाला जे येतं ते तुम्ही केलं नाय." तिकडून काय बोलले माहीत नाय. मॅडमनी फोन ठेवला आणि पोरींकडं वळून म्हणल्या, "तोंडं काय बघायल्या? कामाला लागा."

त्यात एमआरआय काढायचं ठरलं. एक सर्जन म्हणत व्हते टाका उघडून साफ करून टाकू, कशाला वेळ घालवता. मॅडम म्हणल्या, "फोटो निघाल्याशिवाय चाकू नाय. आत काय उरलंय आणि ते शिरेला कुठं चिकटलंय ते न बघता तुम्ही काय साफ करणार? झाडू मारणार?" आता मला सांगा, मोठ्या सर्जनला असं कोण बोलतं.

एमआरआयच्या खोलीत धातू चालत नाय. जोडवी काढली, एक निघंना ती साबण लावून काढली, बांगड्या काढल्या. मंगळसूत्राला हात लावला तर आत्याबाई आडव्या आल्या. नवरा जिता असताना गळा मोकळा? नाय म्हणजे नाय. तिथला मशीनवाला कंटाळला, पुढचा पेशंट घेतो म्हणला. मॅडमना बोलावलं. मला वाटलं आता आत्याबाईला झापतील. त्या म्हणल्या, "आजी, हळकुंड हाय का घरी?" आत्याबाईच्या कनवटीला व्हतंच, दवाखान्यात येताना आणलं व्हतं, का ते त्यांनाच माहीत. मॅडमनी पट्टीच्या धाग्यात हळकुंड बांधलं आणि आत्याबाईच्या हातात दिलं. "तुमच्या हातानं घाला. हळकुंडाला मशीन काय करत नाय." आत्याबाईनी माझ्या गळ्यात ते बांधलं आणि मंगळसूत्र आपल्या मुठीत घेतलं.

आत गेले तर ते बोगद्यागत. धडधड, खडखड, जणू कुणी पत्र्यावर दगडं हाणायलंय. मी ओरडले, मला बाहेर काढा म्हणून. मशीन थांबलं. मग बघते तर मॅडम. चष्मा काढलेला, स्वेटरला धातूची चैन व्हती म्हणून स्वेटर बी काढलेला, कानात कापूस, आणि त्या येऊन माझ्या पायापाशी स्टुलावर बसल्या आणि माझ्या पायाचा अंगठा धरला. "बस. आता मी पण ह्या आवाजात. तू हललीस तर मला परत बसावं लागंल, आणि माझं डोकं दुखतं, मग मी तुला सोडणार नाय." पाऊण तास धरून बसल्या. अंगठा. मी हलले नाय.

गाठीचा रिपोर्ट वाईट आलाय, भेटायला या, असा निरोप आला त्या दिवशी आत्याबाई भांडायला आल्या व्हत्या. घरून ठरवूनच. दारातूनच सुरू, "तुम्हीच उकरायला लावलं. पुरलेलं उकरलं म्हणून हे आलं. आधी काय नव्हतं."

मॅडमनी भांडण केलं नाय. म्हणल्या, "चला माझ्यासंगं," आणि आत्याबाईला हाताला धरून तपासणीच्या खोलीत नेलं, तिथल्या डॉक्टरणीला म्हणल्या, जरा ह्यांना बघू दे. आत्याबाई त्या दुर्बिणीत बघायला तयार नव्हत्या. मॅडमनी डोकं धरून वाकवलं. आत्याबाई एक डोळा मिटून बराच वेळ बघत राहिल्या.

"काय दिसतं आजी?"

"जांभळं."

"आणि?"

"कडब्याच्या पेंढ्या. आडव्या-उभ्या टाकल्यात एकीवर एक."

ती डॉक्टरीण खुर्चीतून उठलीच. "मॅडम, माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगायला मला चार तास लागत्यात!" मॅडम हसल्या, पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं, वरचा एक दात सोन्याचा. मग आत्याबाईला म्हणल्या, "ह्या पेंढ्या मातीत तयार होत नसत्यात आजी. ह्या पोरीच्या मांडीत किती तरी महिन्यांपासून रचत चालल्या व्हत्या. तुम्ही पुरली म्हणून आल्या नाय, आणि उकरली म्हणून बी आल्या नाय. उकरली म्हणून फक्त दिसल्या."

आत्याबाई बाहेर येऊन बाकड्यावर बसल्या आणि पदरानं नुसतं तोंड पुसत राहिल्या, घाम नव्हता तरी.

मग मला सांगितलं. अंधार करून नाय, लाइट लावून सांगितलं. हाताचं मांस मी म्हणंल तेव्हा हलतं, म्हणल्या. पण आतड्याचं, गर्भपिशवीचं, रक्ताच्या नळ्यांचं मांस वेगळं, ते तुला न इचारता काम करतं, तू झोपलीस तरी करतं. त्या मांसाचा हा कॅन्सर, तुझ्या मांडीतल्या शिरेच्या भिंतीतून निघालेला. लई कमी जणांना होतो. "नाव घे. लायो. मायो. सारकोमा."

मला येईना. जीभ अडकायची. आणि खरं सांगते, मला घ्यायचंच नव्हतं ते नाव. मी म्हणलं, मॅडम, नाव घेऊन काय करू, माझी पोरगी दोन वर्षाची हाय.

"म्हणूनच घे. पुढं तुला दहा डॉक्टर भेटतील, दहा जण वेगवेगळं बोलतील, आणि तू पदर धरून व्हय व्हय करत बसशील. ज्याचं नाव घेता येत नाय त्याच्याशी भांडणार कशी तू? बोल."

मी रस्ताभर बोलत गेले. लायो मायो, लायो मायो. आरोहीला वाटलं गाणं हाय, ती टाळ्या वाजवून म्हणायला लागली. रिक्षात सगळे हसायला लागले, मी पण हसले, आणि हसता हसता मला हुंदका आला तो आवरंना.

दुसरं ऑपरेशन झालं, मोठं, कॅन्सरच्या दवाखान्यात. मांडीचा हा एवढा भाग गेला, शीर गेली, पण पाय राहिला. सर्जन म्हणले फोटोत जसं दिसलं तसंच आत निघालं, नेमकं कुठपर्यंत कापायचं ते आधीच कळलं व्हतं. मग शेक दिले किरणांचे, कातडी काळी पडली. लंगडते मी आता थोडी. लोक बघत्यात. बघू द्या. पहिल्यांदा पदर मांडीवर ओढून घ्यायची, आता नाय घेत.

हा रोग परत येतो तर फुफ्फुसात जातो म्हणत्यात, म्हणून दर तीन महिन्यानं छातीचा सीटी स्कॅन. शाहीन मॅडमकडं त्यांचं काम नसताना बी मी प्रत्येक फोटो घेऊन जायची. कागद पालथा. फोटो उजेडावर. काखेत बाटली. "ठीक दिसायलंय. म्हणजे मला ठीक दिसायलंय. फरक हाय दोन्हीत, लक्षात ठेव." असं त्यांचं.

मागच्या महिन्यात बाहेर काढलेल्या सीटीच्या कागदावर लिहून आलं, फुफ्फुसात ठिपका, पसरल्याचा संशय. मी वाचलं, म्हणजे मला तेवढं वाचता आलं. कॅन्सरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणले, इतक्या बारीक ठिपक्यात सुई जात नाय, छाती उघडून तेवढा तुकडा काढून टाकू, खात्री होऊन जाईल. थांबायचं असंल तर थांबा, पण मग ते तुमच्यावर.

मी सगळे फोटो पिशवीत घालून शाहीन मॅडमकडं पळाले. तर तिथं हार-तुरे, शाल, नारळ. त्यांचा नोकरीचा शेवटचा दिवस. साहेब लोक भाषणं करायले व्हते आणि मॅडम खुर्चीत बसून जांभया देत व्हत्या. मला दारात बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि भाषण चालू असताना शाल खांद्यावर तशीच घेऊन उठून आल्या.

अंधाऱ्या खोलीत गेलो. कागद पालथा टाकला. नवा फोटो लावला, जुना शेजारी लावला, त्याच्या आधीचा, त्याच्या आधीचा, अगदी पहिला. लई वेळ बघितलं. भिंग लावून बघितलं. बाहेर कुणीतरी मॅडम मॅडम हाका मारायलं व्हतं.

"पहिल्या फोटोत बी हाय हा," त्या म्हणल्या. "इथं बघ. तेवढाच. कुणी लिहिला नाय. मी पण नाय बघितला. माझ्या नजरेतून सुटला." असं सरळ म्हणल्या, डोळ्यात डोळे घालून. "इतक्या महिन्यात वाढला नाय म्हणजे बहुतेक जुना डाग असंल. टीबी-बीबीचा, लहानपणीचा. बहुतेक. पण मला माहीत नाय."

"मग मी काय करू?"

"दोन रस्ते. तीन महिने थांबून परत फोटो. नाय तर आत्ता छाती उघडून तुकडा. दोन्ही रस्त्यांना मी चूक म्हणणार नाय. थांबलीस आणि तो वाढला, तर तीन महिने गेले. उघडलीस आणि डागच निघाला, तर फुकटची छाती चिरली, आणि कडेवर लेकरू घेता येणार नाय कितीतरी दिवस."

"तुम्ही सांगा ना मॅडम. तुम्ही सांगाल तसं करते."

"नाय सांगणार."

मी रडायला लागले. म्हणलं फोन नंबर तरी द्या, घरी येऊन इचारते. तो पण दिला नाय. "नंबर दिला की तू ठरवणार नाय. तुझं लग्न दुसऱ्यांनी ठरवलं, तुझी शाळा दुसऱ्यांनी सोडवली, तुझी गाठ दुसऱ्यांनी पुरली. हे तू ठरव. आणि जे ठरवशील ते माझ्याकडं मान खाली घालून सांगू नकोस, मोठ्यानं सांग."

मी तिथंच सांगितलं. मोठ्यानं. काय सांगितलं ते ऐकून त्यांनी फक्त मान हलवली, चांगलं म्हणल्या नाय, वाईट म्हणल्या नाय, आणि सगळे फोटो तारखेप्रमाणं लावून पिशवीत घालून दिले.

गेटपाशी मी त्यांना शेवटचं बघितलं. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात कुणीतरी दिलेली तुळशीची कुंडी, शाल कमरेला बांधलेली, आणि त्या रिक्षावाल्याशी भांडायल्या व्हत्या, तू उलट्या रस्त्यानं नेणार, मला फसवतो का रे, मी पस्तीस वर्ष ह्याच रस्त्यानं जाते. तो पण हटंना, त्या पण हटंनात. शेवटी कुंडी आधी आत ठेवली, मग स्वतः चढल्या, आणि रिक्षा निघाली तरी त्यांचा हात बाहेरच, सरळ रस्ता दाखवत.

मी थांबायचं ठरवलंय. तीन महिन्यातला एक गेला. आमचे हे बोलत नायत माझ्याशी. माझी आई फोनवर रडते. शेजारची म्हणती एवढं शिकलेले डॉक्टर उघडू म्हणत्यात आणि ही नववी नापास नाय म्हणती, हिला लेकराची काळजी हाय का. हाय. मला लई भीती वाटते, रोज उठले की पहिलं श्वास घेऊन बघते, दुखतंय का, अडकतंय का. घाबरत घाबरत थांबलेय मी, पण थांबलेय मी, कुणी थांबवलेलं नाय.

तुम्ही मला वेडी म्हणा. पण आधी हे सांगा, तुमच्या कडेवर आरोही असती, हातात तो कागद असता, आणि जिच्यावर तुमचा भरवसा तीच मला माहीत नाय म्हणली असती, तर तुम्ही काय केलं असतं?